राखेची घाई

बायामाणसांना भर रस्त्यात उन्हात उभं करून त्यांच्या कानाच्या पाळ्या न्याहाळणारा माणूस मलकापुरात मार न खाता जगला, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मानलं नसतं. पण मी पाहिलं. बारा वर्षं त्याच दुकानात, त्याच गादीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं. कापडाचं दुकान होतं, स्टेशनच्या रस्त्याला. मी पांढरं विकायचो: धोतरजोडे, मांजरपाट, उपरणी. ते रंगीत विकायचे: लुगडी, खण, फेटे, कोटाचं कापड. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांचे पुतणे अजून गावात आहेत, भेटले की माझ्याशी दोन शब्द बोलतात, आणि माझ्या वयाला बोलणारी माणसं जपून ठेवावी लागतात. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा, तेवढं पुरे.

तेव्हा आमचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, चालवायचा इंग्रज, आणि हुकूम यायचे नागपूरहून. एवढे तीन धनी डोक्यावर असताना कोणत्या वयाला काय शोभतं याचा हुकूम मात्र एकटे भाऊ सोडायचे, आणि तो तिघांच्याही हुकमापेक्षा जास्त पाळला जायचा.

त्यांचं सगळं शास्त्र कानात होतं. गिऱ्हाईक ओट्यावर चढलं की ते आधी 'या' म्हणत नसत, मान वाकडी करून कानाची पाळी बघत. "तोंड खोटं बोलते," ते म्हणायचे. "तोंडाले माणूस तेल लावते, हळद लावते, चारचौघांत हासवते. कानाले कोनी काही करत नाही. वय पह्यले कानात येते, मंग बाकीच्या आंगाले कळते." मग तीन-चार लुगडी काखेत मारून ते गिऱ्हाइकाला रस्त्यावर घेऊन जायचे, कारण दुकानातल्या सावलीत कोणताही रंग खरं बोलत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. रस्त्यात जिनिंगला चाललेल्या कापसाच्या गाड्यांची रांग असायची. ती थांबायची. गाडीवान खाली उतरून बघत राहायचे आणि सल्लाही द्यायचे. एकदा एका बैलानं नवंकोरं अंजिरी लुगडं चावून ठेवलं तेव्हा भाऊ म्हणाले, "त्यालेही समजलं, या बाईले अंजिरी नाही चालत." दुकानाचे मालक शेटजी गादीवर कपाळ धरून बसले होते.

मला रंगातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची कधी इच्छाही झाली नाही. पांढरं विकणाऱ्याला डोकं शांत ठेवता येतं. पण त्यांचं एक म्हणणं मला पटायचं, म्हणून सांगतो. चाळिशी ओलांडली की आमच्याकडची माणसं आपणहून राखी, मातकट, खाकी रंगांकडे वळतात. जणू सरकारनं नोटीस काढलीय. अशी एखादी बाई येऊन म्हणाली, "भाऊ, आता आमचं वय झालं, द्या काही मातीच्या रंगाचं," तर भाऊ लुगडं काढायचेच नाहीत. "बाई, राखेची घाई काऊन करता? ते तं आपोआप होऊनच राह्यलं." कोवळ्या कातडीवर काहीही खपतं, खरा रंग लागतो तो चाळिशीनंतर, कातडी वाळायला लागली की रंगानंच तिला पाणी द्यावं लागतं, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की बायका बापड्या मान डोलवायच्या. मग कोणाला गुलबाशी मिळायचं, कोणाला आमसुली, कोणाला मोरपंखी. आणि खोटं कशाला बोलू, त्या बाया दुकानातून उतरताना दहा वर्षांनी लहान दिसायच्या.

पण चुकीचा रंग ते विकत नसत. म्हणजे विकतच नसत. गिऱ्हाईक रडलं, ओरडलं, शेटजींकडे गेलं, तरी नाही. "माह्या हातून नाही," म्हणायचे आणि लुगड्यावर बसायचे. अक्षरशः बसायचे. शेटजी म्हणत, "अरे भाऊ, गिराईक जा रहा है." भाऊ म्हणत, "जाऊ द्या, पण बरं दिसत जाऊ द्या."

त्यांचा स्वतःचा रंग त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी नक्की केला होता, आणि तो होता वांगी. वांगी रंगाचा लांब कोट, वर तशीच टोपी. त्या रंगात ते खरोखर तुकतुकीत दिसत. आता पाठीमागे गाव त्यांना काय म्हणत असेल ते सांगायची गरज नाही. त्यांना ते माहीत होतं. "वांगं तं वांगं," ते म्हणायचे, "पण ताजं म्हनते ना?"

एकदा एका कचेरीचे मोठे साहेब कोटासाठी काळं कापड घ्यायला आले. शेटजींनी पानसुपारी मागवली, मी उठून उभा राहिलो. भाऊंनी साहेबांचा कान पाहिला आणि म्हणाले, "काळं नाही देत. काळ्यात तुमी आरोपी दिसता." शेटजींच्या हातातलं तबक खाली पडलं. साहेबांनी हळूच विचारलं, "मग काय घेऊ?" भाऊंनी बदामी दिलं. दोन महिन्यांत साहेबांना बढती मिळाली. बदामीचा आणि बढतीचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही, पण कचेरी म्हणाली. सगळ्या कारकुनांनी बदामी कोट शिवले, मग पट्टेवाल्यांनी शिवले. खेड्यांतून येणाऱ्या माणसांना साहेब कोणता ते कळेना. लोक पट्टेवाल्याच्या हातात अर्ज देऊन, त्याला वाकून नमस्कार करून समाधानानं घरी जाऊ लागले. भाऊंना याचं फार वाईट वाटलं, पण कारण वेगळं होतं. "त्यातल्या नऊ जनायले बदामी चालत नाही," म्हणाले. "माह्याकडून घेतलंच नाही त्यायनं. दुसऱ्या दुकानातून घेतलं."

पिंपळगाव राजा गावचे एक पाटील पोरीच्या लग्नाच्या आहेरासाठी अकरा लुगडी घ्यायला आले होते. शहाणा माणूस. म्हणाला, घरात अकरा बाया, अकराही एकाच रंगाची द्या, म्हणजे भांडण नको. भाऊ म्हणाले, अकरा कान एकासारखे असतात का? बायांना घेऊन या. पाटलानं नाही नाही म्हटलं, आणि चौथ्या दिवशी दोन छकडे भरून बाया आणल्या. सकाळी सुरू झालेलं ते कानाचं काम दिवे लागायच्या आधी कसंबसं आटोपलं. अकरा बाया अकरा रंगांत इतक्या गोड दिसत होत्या की स्टेशनमास्तर गाडी सोडून बघायला आले. आणि घरी जाईपर्यंत प्रत्येकीला दुसरीचं लुगडं आवडलं होतं. लग्न लागेपर्यंत त्या घरात चार चुली झाल्या. पाटील पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

घरी त्यांची बायको होती, फार सोशिक बाई. ती काय नेसणार हे अर्थातच भाऊ ठरवायचे. एकदा दुपारी काही निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो तर वहिनी भडक केशरी लुगडं नेसून ज्वारी निवडत बसलेल्या. मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले सांगू नोका. ते दुकानात गेले का नेसतो आन यायच्या आधी बदलतो." किती वर्षं, मी विचारलं. म्हणाल्या, "हे तिसरं हाये. पह्यले दोन फाटले." मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून भाऊंचं शास्त्र ऐकताना मला मधूनच हसू यायचं आणि मी ते खोकल्यावर निभावायचो.

आता मुख्य गोष्ट.

भाऊंची एक धाकटी बहीण रोहिणखेडला दिलेली होती. तिला सगळे बाई म्हणत, मीही तेच म्हणतो. दर भाऊबीजेला भाऊ स्वतः तिच्याकडे लुगडं घेऊन जायचे. अठ्ठावीस वर्षांत एक भाऊबीज चुकली नाही. पहिल्या वर्षी डाळिंबी, तिशीत गुलबाशी, चाळिशीत अंजिरी, असं तिचं वय ते पायरी पायरीनं रंगवत आणत होते. यंदा ती पंचेचाळीसची होणार, तर यंदा आमसुली, हे त्यांनी पोळ्यालाच ठरवून लुगडं बाजूला काढून ठेवलं होतं. आणि दिवाळीच्या महिनाभर आधी बाईचा नवरा तापानं गेला. साधा, अबोल शेतकरी माणूस होता. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं.

आमच्याकडे तेरवीच्या दिवशी विधवेला पहिलं लुगडं माहेरचं असतं. जेवणं झाली की माहेरची माणसं ते तिच्या ओटीत ठेवतात, ती आत जाऊन नेसून येते, की सुतक सरलं. बाईच्या सासरचं घर शेतकऱ्याचंच, पण कोण्या काळी त्यांचा आजा देशमुखांच्या पंक्तीला जेवला होता आणि तेव्हापासून रीती सगळ्या वरच्या. त्या घरात विधवेनं पांढरं नेसायचं, बिनकाठाचं, आणि तेरवीला अंगावर जे चढलं ते मरेपर्यंत. बाईची सासू एकतीस वर्षं तसं नेसत होती. म्हणजे त्या एका दिवशी भाऊ जे घेऊन जातील त्यावर बाईचं पुढचं सगळं आयुष्य ठरणार होतं.

बाईच्या थोरल्या दिरानं गड्याबरोबर निरोप पाठवला, "पांढरं आनजा. काठ नको." पांढरं माझ्याकडे. मी लुगडं काढलं, घडी घातली, कागदात बांधलं. भाऊंनी ते माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवलं.

"पांढऱ्यात ते आजारी दिसते," ते म्हणाले.

"भाऊ, तिचा नवरा गेलाय."

"हाव. नवरा गेला. कान तं तोच हाये ना?"

 शेटजींना घाम फुटला. रोहिणखेडची चाळीस घरं आमची गिऱ्हाईकं होती. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं, ते पांढरं माझ्या पिशवीत कोंबलं आणि मला भाऊंबरोबर धाडलं. अशी आमची बैलांची दमणी निघाली. भाऊंच्या मांडीवर आमसुली, माझ्या पिशवीत पांढरं. मोताळ्याला मुक्काम केला. वाटेत भाऊ तोंड फिरवून बसले होते. मला वाटलं, रडत असतील. पाहिलं तर उन्हाकडे बघून वेळ मोजत होते. जेवणं आटोपेपर्यंत ऊन अंगणात येईल का, याची त्यांना काळजी होती.

ऊन आलं. जेवणं झाली, माणसं ओसरीवर बसली, बाया दारात दाटल्या. बाईला आणून पाटावर बसवलं. तेरा दिवसांत ती अर्धी झाली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. भाऊंनी गाठोडं सोडलं आणि आमसुली लुगडं तिच्यापुढे धरलं. 

दीर म्हणाला, "हे काय हो?"

"आमसुली."

"ते दिसून राह्यलं. पांढरं कुठी हाये?"

"पांढरं तिले शोभत नाही."

"तिले आता शोभून कोनाले दाखवाचं हाये?"

"दाखवाले कायले पाह्यजे?" भाऊ म्हणाले. "तुमी वावरात पेरता ते कोनाले दाखवाले पेरता?" आणि बाईच्या दंडाला धरून म्हणाले, "चाल बाई, उन्हात चाल. तुमी सारे पाहा. मंग बोला."

बाई जागची हलली नाही. पण भाऊंना थांबणं माहीत नव्हतं. ते स्वतःच उन्हात जाऊन उभे राहिले आणि लुगडं हातावर पसरून तेरवीला आलेल्या साठ-सत्तर माणसांना कानाचं शास्त्र समजावू लागले. वय कानात कसं येतं, वाळल्या कातडीला रंगानं पाणी कसं द्यावं लागतं. मी जमिनीकडे बघत होतो. वर पाहिलं तर तीन-चार म्हातारे आपापल्या कानांच्या पाळ्या चाचपत होते. गुलाबी फेट्यातला एक आजोबा म्हणाला, "भाऊ, मले हा कसा?" भाऊ म्हणाले, "काढा तो आधी. गुलाबीत तुमचं नाक निळं दिसते." आजोबांनी खरंच फेटा काढला आणि त्यावर बसले. मग दुसऱ्यानं विचारलं. मग तिसरा पुढे सरकला. दारातून एका बाईनं आपल्या सुनेला ढकललं, "इचार ना वं."

दीर उभा राहिला. "हे तेरवी हाये का तुमचं दुकान हाये?"

तेव्हा मी जे केलं ते मला आजही आवडत नाही. मी पिशवीतून पांढरं काढलं आणि दिराच्या हातात दिलं. म्हटलं, हे घ्या, मिटवा. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बारा वर्षं शेजारी बसून मी काहीच शिकलो नाही, असं काहीसं ते पाहणं होतं. पांढरं बाईच्या ओटीत पडलं, वरून भाऊंनी आमसुली टाकलं, दिरानं आमसुली उचललं, भाऊंनी पांढरं उचललं, आणि बाई बोलली.

"तुमचं दोघायचं झालं काय?"

दोघेही थांबले.

"मले कोनी इचारलं काय?" आवाज बारीक होता, पण ओसरीच्या टोकापर्यंत पोचला. "मले पोपटी पाह्यजे."

दिराचं तोंड उघडं राहिलं. पण खरा धक्का भाऊंना बसला. त्यांच्या हातातलं लुगडं गळून पडलं. "पोपटी? तुले? बाई, तू पोपटीत कावीळ झाल्यावानी दिसशीन." आणि मग त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. ते दिराकडे वळले आणि हात जोडले. "व्याही, समजावा हो तिले."

दीर म्हणाला, "मी तं पह्यल्यापासून पांढरं म्हनून राह्यलो."

"पांढरं नाही, पन पोपटी तं बिलकूल नाही."

"बिलकूल नाही," दीर म्हणाला. असे दोघे एका क्षणात एक झाले. बाईनं दोघांकडे पाहिलं आणि भाऊंना म्हणाली, "लगीन झालं त्या साली दिवाळीले हे तुह्या दुकानात आले होते. पोपटी मागाले. तू नाही देल्लं."

भाऊ पडलेलं पांढरं उचलायला वाकले.

"हे घरी आले आन म्हने, तुह्या भावानं मले रस्त्यात उभं केलं, सारे हासले, आन लुगडं नाही देल्लं. पुन्हा कधी गेले नाहीत तुह्या दुकानात. मी अठ्ठावीस वर्सं तुह्या रंगाचं नेसली. त्यायनं एकच रंग मागितला होता माह्यासाठी. तो मले पाह्यजे."

भाऊ मटकन पाटाशेजारी बसले. म्हणाले, "हाव. आला होता. पोपटी नाही देत म्हनलं मीच." आणि त्यांनी तोंड धोतराच्या सोग्यात घातलं. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि मला फार वाईट वाटलं. माझ्या हातात काही असतं तर मी तिथल्या तिथं दिलं असतं, पण मी पांढऱ्याचा माणूस.

भाऊ उठले. "आनतो," म्हणाले. पण दिराचा विश्वास नव्हता. "हे असे जातीन आन शिमग्याले येतीन. तोवर हिनं काय नेसावं? एक मानूस इथी ठेवा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं एका पोपटी लुगड्यापायी मी रोहिणखेडला गहाण पडलो.

भाऊ तीन दिवसांत यायचे ते सहाव्या दिवशी आले. कारण आमच्या दुकानात पोपटी नव्हतंच. कोणालाच शोभत नाही म्हणून भाऊंनीच वीस वर्षांपूर्वी तो रंग मागवणं बंद केलं होतं. मलकापुरात दुसऱ्या दुकानात मागायचं तर तोंड नव्हतं. ते आगगाडीत बसून बऱ्हाणपूरला गेले. इकडे मी ओसरीवर. पहिले दोन दिवस पाहुण्यासारखी भाकर मिळाली. तिसऱ्या दिवशी दीर मला कापूस वेचायला घेऊन गेला, ठेवलेलं जनावरही नुसतं खाऊन बसत नाही म्हणाला. पांढरं लुगडं खुंटीला लटकत होतं. रोज सकाळी दीर बाईला म्हणायचा, "नेस." रोज बाई म्हणायची, "येऊन राह्यलं." अंगावर तेच तेरा दिवसांचं जुनं लुगडं, आणि दारावरून येणारे-जाणारे थांबून विचारायचे, आलं काय. म्हातारी सासू कोपऱ्यात वाती वळत बसायची. ती सहा दिवसांत कोणाशीच काही बोलली नाही. मला वाटलं, रागावली असेल.

सहाव्या दिवशी दमणी आली. भाऊंचा वांगी कोट धुळीनं ओळखू येत नव्हता. त्यांनी कागद न सोडताच गाठोडं बाईच्या हातात दिलं आणि अंगणात उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. बाई आत गेली. बाहेर आली.

खरं सांगतो, मुळीच शोभत नव्हतं. मला रंगातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. त्या पोपटीत तिचा चेहरा पिवळाजर्द दिसत होता, डोळ्यांखालचं काळं जास्त काळं दिसत होतं. भाऊ म्हणाले होते तंतोतंत तसंच. ती उन्हात येऊन भावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सांग."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत मी या माणसाला साहेबाच्या तोंडावर, पाटलाच्या तोंडावर, शेटजींच्या तोंडावर खरं बोलताना ऐकलं होतं. त्याच्या नोकरीवर चार वेळा पाणी फिरता फिरता राहिलं होतं ते याच एका गोष्टीपायी. 

"चांगलं दिसते," भाऊ म्हणाले. "आधीच द्याले पाह्यजे होतं."

दुसरं वाक्य खरं होतं. दीर खांद्यावर पंचा टाकून वावरात निघून गेला. जेवायच्या वेळेला मात्र आला. पोपटी लुगड्यातल्या बाईनं ताट वाढलं, त्यानं खाली मान घालून खाल्लं आणि दुसरी भाकर मागितली. घरात दुसरं रांधणारं होतं कोण.

आम्ही परत निघालो तेव्हा मी दमणीत चढून बसलो होतो आणि भाऊ जोडे घालत होते. तेवढ्यात म्हातारी सासू भिंतीला धरत धरत फाटकापर्यंत आली. बिनकाठाचं पांढरं, धुऊन धुऊन विरलेलं. मला वाटलं, आता शिव्या देते. ती भाऊंच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी पुन्हा कवा येसान?"

"भाऊबीजेले."

"मंग माह्यासाठी एक आनजा."

भाऊंनी सवयीप्रमाणे मान वाकडी केली आणि रंग सांगायला तोंड उघडलं. म्हातारी त्यांच्यासाठी थांबली नाही. तिला आठवावंही लागलं नाही, एका दमात सांगून टाकलं.

"डाळिंबी. काठ हिरवा, बोटभर रुंद. आन पदरावर मोर नको, कुयऱ्या पाह्यजे."